पहिल्या प्रकाशाचा रंग

मोतीबिंदू काढून बसवलेल्या नव्या लेन्समुळे मुरलीधरपंतांना जांभळ्यापलीकडचा, अतिनील रंगही दिसू लागला होता. गावात तशी लेन्स त्यांचीच. फुलांवरच्या, एरवी फक्त मधमाश्यांना दिसणाऱ्या खुणा ते कौतुकानं सांगत. पण दक्षिणेला एक नवाच तारा पेटलाय असं ते म्हणाले, तेव्हा पत्नी सुमित्राबाई हसल्या.

"अहो, तारे तुमच्या डोळ्यांत चमकतायत, आकाशात नाही."

डॉक्टरांनाही लेन्सच सदोष वाटली. वाद घालणं पंतांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी साधी लेन्स बसवून घेतली.

दोन दिवसांनी सगळं गाव गच्च्यांवर होतं. दक्षिणेच्या त्या श्वेत बटू, म्हणजे विझत आलेल्या ताऱ्याचा स्फोट आता सर्वांना दिसत होता. "हा स्फोट जगावेगळा," टीव्हीवरचे शास्त्रज्ञ सांगत होते. "याचा पहिला प्रकाश अतिनील होता. तो विझला, पुन्हा दिसणार नाही."

डॉक्टरांचा फोन आला. "काका, चुकलं माझं. जुनी लेन्स परत बसवू या?"

"आता कशाला?"

सुमित्राबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "कसा होता हो तो रंग? नीट सांगा ना."

पंतांनी सांगायला सुरुवात केली आणि ते थांबले. डोळ्यांना न दिसणारा रंग आता आठवणीतही उमटत नव्हता.

"तुला पटलं ना?" ते म्हणाले. "झालं तर मग."