पान त्रेचाळीस

"गोविंदा हसला पूर्णविराम भारतमाता की जय स्वल्पविराम एवढंच म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले पूर्णविराम."

कृष्णकांतजी हस्तलिखित मोठ्यानं वाचत होते आणि समोर बळीराम छापील ओळींवरून बोट फिरवत होता. गांधीबागेतल्या या छापखान्यात प्रूफं अशीच तपासली जात. लग्नपत्रिका असो की लढाईचं पुस्तक, कृष्णकांतजींचा आवाज तोच. मजकूर कानांत शिरू द्यायचा नाही, फक्त अक्षरं पाहायची, असा त्यांचा बाणा.

पुस्तक बळीरामचं होतं. एकाहत्तरच्या लढाईत तो आणि गोविंदा एकाच खंदकात होते. गोविंदाची आई अंजनाबाई इथंच कामाला होती. भिंतीशी बसून ती छापलेल्या कागदांना घड्या घालत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण कान सगळे इकडेच होते.

कृष्णकांतजींनी पान उलटलं. "गोविंदा सकाळपर्यंत जिवंत होता पूर्णविराम पोट फाटलं होतं पूर्णविराम तो सारखा आईला हाका मारत होता पूर्णविराम..."

"थांबा!" बळीराम ओरडला. "ते जुनं पान आहे जी. फेकून द्या म्हटलं होतं ना मी."

पुस्तक बांधून होईपर्यंत लेखकाच्या हातचा कागद फेकायचा नाही, हा कृष्णकांतजींचा नियम. दोन्ही पानांवर आकडा त्रेचाळीसच होता. आपण काय वाचलं ते आत्ता कुठं त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंजनाबाईचे हात थांबले होते. "खरं कोन्तं हाय, बळीराम?"

"हे. जुनं." बळीरामची मान वर होईना. "तुले तरास नको म्हणून बदललं, मावशी."

"तूच मले सांगतलं होतं, हसत गेला. साऱ्या वस्तीनं तेच सांगतलं." तिचा आवाज शांत होता. "दीड साल झालं, मले वाटून राहिलं, मरतानी पोराले माही याद काहून नाही आली."

बळीरामला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण पान अजून संपलं नव्हतं. त्यानं ते कृष्णकांतजींच्या हातातून घेतलं आणि स्वतःच पुढं वाचलं.

"शत्रू अगदी जवळ होता. आवाज गेला असता तर आम्ही अकराही जण मेलो असतो. म्हणून मी गोविंदाच्या तोंडावर हात ठेवला. तो गप्प होईपर्यंत काढला नाही."

शेवटी कृष्णकांतजींनी हलकेच विचारलं, "मग कोणतं पान ठेवायचं?"

बळीराम अंजनाबाईकडे पाहत होता. ती देईल ती शिक्षा घ्यायला तो तयार होता.

ती उठली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"कोन्ता हात व्हता?"

त्यानं उजवा हात पुढं केला. तिनं तो दोन्ही हातांत धरला, तळवा वर केला, आणि वाकून त्यावर आपला गाल टेकवला.