चित्र येत नव्हतं

कंपनीत मशीनमध्ये सापडून गेलेल्या नवऱ्याचा शेवटचा व्हिडिओ घेऊन करुणाताई गंगापूरहून माझ्या औरंगपुऱ्यातल्या दुकानात आल्या. गेला त्याच दिवशी त्यानं तो मोबाइलवर पाठवलेला, पण उघडतच नव्हता. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा. असल्या दाबून बारीक केलेल्या फायली रोजच्याच. माझ्याकडंही कोडेकचा, म्हणजे फाइल वाचता न येण्याचा, एरर आला. कन्व्हर्ट केला तर उघडला, पण स्क्रीन काळी. दुसऱ्या सॉफ्टवेअरात टाकला, काळी. तिसऱ्यातही काळीच. गेलेल्या माणसाचा आवाज एकदम कानावर पडला तर बाई कोसळेल, म्हणून स्पीकर मी आधीपासूनच बंद ठेवला होता. चार तासांनी हात टेकले.

"ताई, सगळं करून पाहिलं. चित्र काही येत नाही."

"चित्र नसंलच त्यात, भाऊ," त्या म्हणाल्या. "मशीन बिघडलंय हे साहेबाला सांगायला ते गेले, तवा फोन खिशात चालू ठेवला होता. पाठवताना तसं बोलले होते मला."

त्यांनी स्टूल पुढं ओढला.

"साहेब काय म्हनला, तेवढं ऐकवा."