वरची पेटी

बोअर खणणाऱ्या सुदामचा या लबाडीत फायदा काय, हे भूवैज्ञानिक घारपुरेबाईंनी आधीच ताडलं होतं: त्याच्या लेकीचं बारसं. बोगद्यासाठीचं बोअर अर्धवट सोडून, खोलीच्या क्रमानं नमुने ठेवायच्या पेट्यांत भलतेच दगड भरले, की गडी हिमालयातून थेट संगमनेरला जायला मोकळा.

“वरच्या पेटीत हे लाल गार्नेट? ते खोलवरच्या आचेत तयार होतं. आणि तळाच्या पेटीत कच्चा पाटीचा दगड! कुठून भरलेस रे?”

“मॅडम, मी दगड वर काढतो. भाजत नाही.”

बाईंची हयात दख्खनच्या सपाट थरांत गेलेली. त्यांनी शेजारीच नवं बोअर घ्यायला लावलं आणि स्वतः खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या. ऐन बारशाच्या दिवशी ते पुरं झालं. वर गार्नेट, खाली पाटी!

बाईंनी प्रथमच समोरचा कडा नीट पाहिला. रेट्यानं थरांच्या निऱ्या पडल्या होत्या आणि खालचा भाजलेला दगड कच्च्याच्या डोक्यावर चढून बसला होता.

“नाव काय ठेवलं रे?” त्यांनी ओशाळून विचारलं.

“कळवतील की.”

बाईंचा अहवाल पुढे नावाजला गेला. उलथापालथ डोंगराची, संशय बाईंचा. बारसं मात्र सुदामचं गेलं.