दुपारी दोन ते चार

"बाहेरचा अनोळखी इसम, असंच लिही," चेअरमन आत्माराम सावे म्हणाले, आणि सेक्रेटरी उत्तमनं तसंच लिहिलं.

रविवारी सकाळी भाईंदर पश्चिमेच्या त्या सात मजली बिल्डिंगची कमिटी खालच्या ऑफिसात बसली होती. शुक्रवारी दुपारी वीज गेली होती, लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावरची रसिका लॅबमधली ड्युटी संपवून जिन्यानं घरी जात होती. तिसरा मजला सोडल्यावर, बिनखिडकीच्या जिन्यातल्या अंधारात कुणीतरी तिला भिंतीशी दाबलं, तोंडावर हात ठेवला, कपड्यांना हात घातला. लाथा मारून ती कशीबशी सुटली. तोंड काही दिसलं नाही. तक्रार तिनं त्याच दिवशी दिली, आणि त्या वेळी बिल्डिंगमध्ये कोण कोण होतं ते पोलिसांनी सोसायटीकडून लेखी मागितलं होतं. पण पत्रावर सह्या होण्याआधी कमिटीला नियम करायचे होते. नियम केले की माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटतं.

तीन नियम झालेही. मुलींनी जिन्यानं एकटं जाऊ नये. उशीर होणार असेल तर वॉचमनला कळवावं. घरातल्या पुरुषाला सोबतीला खाली बोलवावं. चौथा कपड्यांबद्दलचा होता, पण रसिका आणि तिची आई नीलम समोरच बसल्या होत्या, म्हणून तो जरा मागे ठेवला.

"काशीमीराचे गॅरेजवाले पोरं इकडे किती फिरतात," पाचव्या मजल्यावरच्या हंसाबेन म्हणाल्या. "डिलिव्हरीवाले पण. कोण बघतो?"

सगळ्यांनी वॉचमनकडे पाहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आपल्याकडे कितीसा वेळ लागतो. लवू वॉचमन जवळच्या चेणे गावचा, साठीचा. त्यानं वही उघडून टेबलावर ठेवली.

"दोन ते चार गेटाला कुलूप असतं साहेब. तुमीच सांगलाय, लोकांची झोपमोड होते म्हनून. ही पोरगी आली तिला मीच उघडलं. दुसरं कोन न्हाय आलं. कोन गेलं पन न्हाय."

"तुझा डोळा लागला असेल."

"कुलपाचा न्हाय लागत, साहेब."

आत्मारामांनी वही मिटली आणि पत्र रसिकापुढे सरकवलं. "हे बघ बेटा, तुझ्यासाठीच करतोय. तू एकदा वाच, मग आम्ही सह्या करतो. सगळ्यांनी मिळून पाठवलेलं बरं दिसतं."

रसिकानं वाचलं. बावीस वर्षांची पोर. ह्या कागदावर सह्या झाल्या की पोलीस रस्त्यावर शोधत बसणार, आणि ती रोज त्याच जिन्यानं चढणार, हे तिला पुरतं कळत होतं.

"बाहेरचा हे काढा," ती म्हणाली. "तो वर गेला."

"घाबरल्यावर वर काय, खाली काय, कळत नाही गं," उत्तम म्हणाला.

"वर गेला. चप्पल नव्हती पायात. मग दार लागलं."

"दार काय, वाऱ्यानंही लागतं."

रसिका उठली. ऑफिसचं दार तिनं उघडलं, बाहेर गेली. क्षणभर काहीच झालं नाही. मग दार हळूहळू आत यायला लागलं. शेवटच्या बोटभर फटीशी थांबलं. तिनं लॅचचा खटका फिरवून धरला असावा. दार चौकटीत बसलं आणि बऱ्याच वेळानं, खटका सोडल्याचा बारीकसा आवाज आला. टिक.

हा आवाज तिथल्या एकूण एकाच्या ओळखीचा होता. घरात कुणी झोपलं असेल, त्याची झोप मोडू नये, म्हणून आपण असंच दार लावतो. मायेनं लावतो. बाहेरच्या माणसाला कुठलं आलंय ते.

रसिका परत आत आली. "असं लावलं," ती म्हणाली. "पाचवा नाहीतर सहावा मजला."

"म्हणजे आता सोसायटीतल्या लोकांवर संशय घ्यायचा?" आत्मारामांचा आवाज चढला. "तीस-तीस वर्षांची घरं आहेत इथं. गिरिजा, तू सही कर, मग बाकीचे करतील."

गिरिजाकाकू त्यांच्या पत्नी, राहायला सहाव्या मजल्यावर. कमिटीत बाईमाणूस हवं म्हणून त्यांना घेतलेलं. आजवर कुठल्या कागदावर काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नव्हतं, सही कुठं करायची तेवढं विचारायच्या. आत्ता त्या बंद दाराकडे बघत होत्या. मग त्यांनी कागद ओढला, चष्मा लावला आणि अक्षर न् अक्षर वाचून काढलं.

"गिरिजा, इथं खाली."

त्यांनी खाली सही केली नाही. 'बाहेरचा' वर आडवी रेघ ओढली. मग त्या वेळी बिल्डिंगमध्ये कोण होतं, ह्या रिकाम्या ओळीपुढे सावकाश लिहिलं: फ्लॅट सहाशे दोन, आत्माराम सावे.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? मी घरातच होतो शुक्रवारी. तुझ्या शेजारी."

"असाल," गिरिजाकाकू म्हणाल्या. "मी झोपले होते."

आणि त्यांनी पेन हंसाबेनपुढे ठेवलं. "शुक्रवारी तुमच्याकडे कोण झोपलं होतं, कोण जागं होतं?"