कानकोरणं

“तुमच्या नातीच्या कानात जे जंतू सापडले, तेच तुमच्या कानकोरण्यावर,” तपासणीचा कागद पुढे सरकवत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पडद्याला भोक पडलंय. तिचा कान कोण कोरतं?”

“मीच, दर शुक्रवारी.” दस्तगीरचाचांचा आवाज खोल गेला. “पण बाई, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर मी पुसतो ना!”

“कशाने?”

चाचांनी लाल पागोट्यात कानकोरण्याशेजारी खोचलेल्या कापसाच्या बोळ्याकडे बोट केलं. सकाळचा बोळा संध्याकाळपर्यंत चालायचा.

नातीला घेऊन सून घरी गेली आणि चाचा सवयीने एसटी स्टँडवरच्या आपल्या पायरीवर येऊन टेकले. उजवीकडून हाक मारली की पोर हल्ली वळत नाही, हे त्यांच्या मनातून जाईना. चाळीस वर्षं याच पायरीवर ते लोकांचे कान कोरत आले होते.

तेवढ्यात नेहमीचा कंडक्टर समोर येऊन बसला. “चला चाचा, कोरा कान. गाडी सुटायला दहा मिनिटं आहेत.”

चाचांचा हात पागोट्यापर्यंत गेला आणि तसाच खाली आला. “तुझा कान वाहतो का रे कधी?”

“वाहतो की! म्हणून तर दर पंधरवड्याला तुमच्याकडे येतो.”