जुना बोर्ड

"सगळं राहील ना रे जसंच्या तसं?" काकूंनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मेकॅनिकने कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटमधून डोकं बाहेर काढलं.

"काकू, तुमचं सगळं हार्डडिस्कमध्ये आहे. मदरबोर्ड म्हणजे नुसतं ताट. ताट बदललं म्हणून जेवण बदलत नाही."

हे वाक्य तो घरोघरी टाकायचा आणि घरोघरी लोक हसायचे. काकू हसल्या नाहीत. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच राहत होत्या. कॉम्प्युटर बंद पडला आणि घर खायला उठलं, असं त्यांनी फोनवरच सांगितलं होतं. जुने फोटो असतील, एवढंच मेकॅनिकने ताडलं.

बोर्डावरचे दोन कपॅसिटर फुगून फुटले होते. त्याने वायरी सोडवल्या, स्क्रू बशीत ठेवले, जळका बोर्ड आपल्या पिशवीत टाकला आणि तसलाच दुसरा बसवायला घेतला. हात चालत होता तसं तोंडही चालत होतं. मध्येच तो टेबलासमोरच्या लाकडी खुर्चीत टेकायला गेला, तर काकूंनी लगबगीने स्टूल आणून दिलं. ती खुर्ची बसलं की कुरकुरते, म्हणाल्या.

काम झाल्यावर त्याने कॉम्प्युटर सुरू करून दाखवला. फोटो जिथल्या तिथे होते. काकूंनी त्यांच्याकडे धड पाहिलंही नाही. त्यांनी तो परत बंद करायला लावला आणि आता बटणाला हात लावू नकोस म्हणाल्या.

"सहाला हे येतात."

"कोण?" मेकॅनिकने विचारलं. मग काकूंनी सांगितलं, की ते गेल्यापासून रोज सहाच्या ठोक्याला, त्यांच्या ऑफिसातून परतायच्या वेळी, कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हायचा. त्या दोन कप चहा करून शेजारी बसायच्या. तेवढ्या आधारावर दुसरा दिवस निघायचा.

सहा वाजतच आले होते. काकूंनी चहा आणला. सहा वाजले, वाजून गेले, चहावर साय धरली. पडदा काळाच राहिला.

मेकॅनिकचा चेहरा उतरला. ठरलेल्या वेळी सुरू व्हायची सोय डिस्कमध्ये नसते, बोर्डात असते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या ताटाच्या गोष्टीत ते बसत नव्हतं, म्हणून तो कुणाला सांगत नसे, इतकंच. त्याला स्वतःची लाज वाटली. काकांनी कधीतरी ती वेळ लावून ठेवली असणार, तो चाचरत म्हणाला, आणि आपणही ती लावून देतो म्हणाला, चुटकीसरशी होईल.

"यांना माउससुद्धा धरता येत नव्हता रे," काकू म्हणाल्या. "आणि तू वेळ लावलीस, तर तो तुझ्या सांगण्यावरून सुरू होणार. मी त्याचं काय करू?"

काकूंनी जुना बोर्ड परत मागितला. त्याने पिशवीत हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. चटका बसण्याइतकं ते गरम नव्हतं. दुपारपासून वीज न लागलेला तो बोर्ड कोमट होता, नुकतंच कुणी उठून गेलेल्या जागेसारखा. आजूबाजूचे पाने-पकडी गारच होते.

त्याने बोर्ड दोन बोटांत धरून त्यांच्या हातात दिला. काकूंनी तो टेबलावर, खुर्चीच्या समोर ठेवला आणि खुर्ची जराशी मागे ओढली, कुणाला बसायला जागा करावी तशी.

मेकॅनिकने कशीबशी आवराआवर केली. दाराशी वाकून तो बूट घालत होता, तेव्हा आत खुर्ची कुरकुरली. काकू बसल्या असतील, असं मनात म्हणत त्याने मान वर केली.

काकू त्याच्यासमोरच उभ्या होत्या, दाराच्या कडीवर हात ठेवून. त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. दुपारपासूनचा चेहऱ्यावरचा ताण सरकन उतरला.

"आज उशीर झाला तुम्हाला," त्या आत बघून म्हणाल्या, आणि त्यांनी दार लावून घेतलं.