मोकळा कान

तेविसाव्या रुग्णानेही चकती तिथेच थांबवली. सहा हजार शंभर हर्ट्झ.

काचेपलीकडे बसलेल्या डॉ. इळवरसीने आकडा लिहिला, पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. खरं तर आनंद व्हायला हवा होता. कोइमतूरच्या सूतगिरण्यांतल्या कामगारांच्या कानांत कायम शिट्टी का वाजते, यामागे ती बावीस वर्षं होती. आता गिरणी कुठलीही असो, सगळ्यांची शिट्टी एकाच उंचीची निघत होती. आजवर कुणाला न सापडलेली गोष्ट. शोधनिबंध उद्या पाठवायचा होता.

पण माणसांचे आकडे असे एका रांगेत बसत नाहीत. गेल्या वर्षी ते चांगले विखुरलेले होते. पोंगलनंतर या खोलीची डागडुजी झाली, भिंतींना नवं अस्तर लागलं, छताला नवा दिवा आला, आणि तेव्हापासून ते जुळायला लागले. विभागप्रमुख रत्नसभापती सरांचं म्हणणं, खोली नीट शांत झाली म्हणूनच खरा आवाज सापडला. "तुला पायसम वाढलं तरी तू त्यात खडाच शोधणार," ते म्हणाले होते.

आठवडाभर ती खडाच शोधत होती. तारा बदलल्या, हेडफोन बदलले, संगणकातली आज्ञावली नव्याने लिहिली. आवाज मोजायचं यंत्र तपासणीसाठी चेन्नईला अडकलेलं. म्हणून रोज सकाळी ती जुन्या रीतीने खोलीत जायची, दार लावून रुग्णाच्या खुर्चीत पाच मिनिटं कान देऊन बसायची आणि वहीत लिहायची : शांत. खाली सही.

आज सही करतानाही मन थाऱ्यावर नव्हतं. सकाळीच आईशी वाजलं होतं. दारावरची चिमणीसारखी चिवचिवणारी बेल बंद पडलीय, असं इळवरसी सहा महिने सांगत होती. आईच्या मते वायरमन दोनदा येऊन गेला होता आणि बेल ठणठणीत होती.

चोविसावा रुग्ण पळनिअप्पन. तीस वर्षं रिंग खात्यात, सूत कातणाऱ्या यंत्रांच्या गदारोळात काढलेला. ते खातं इळवरसीच्या ओळखीचं होतं. तरुणपणी ती तिथे रोज आठ-आठ तास उभी असायची. कामगारांच्या कानांत बोळे घालायची आणि त्यांचं बोलणं कळावं म्हणून स्वतःचे काढून खिशात ठेवायची.

पळनिअप्पनला बंद खोलीची धास्ती होती. त्याची बायको वळ्ळियम्माळ दहीभाताचा डबा मांडीवर घेऊन म्हणाली, मीही आत बसते. एरवी इळवरसीने नकार दिला असता. आज वाद घालायचं त्राण नव्हतं.

"तीस वर्षं माझं बोलणं यांना ऐकू आलं नाही," वळ्ळियम्माळ म्हणाली. "आणि नसलेली शिट्टी तेवढी ऐकू येते."

"ती खरीच असते, अम्मा. पण यांच्या कानातच. दुसऱ्या कुणाला ऐकू यायची नाही."

एका कानावर हेडफोन, दुसरा मोकळा. मोकळ्या कानात जी शिट्टी वाजते, तिच्याशी हेडफोनमधला स्वर जुळवायचा. पळनिअप्पनने चकती सावकाश फिरवली, मागे आणली, थांबला.

सहा हजार शंभर.

आतून काचेवर टकटक झाली. इळवरसीने दार उघडलं.

"डॉक्टरम्मा," वळ्ळियम्माळ म्हणाली, "शिट्टी यांच्या कानातली, तर मग मला कशी ऐकू येतेय? हा दिवा वाजतोय ना तुमचा."

इळवरसीने हात लांबवून दिवा घालवला.

"थांबली," अंधारातून दोघं एकदमच म्हणाली. मग पळनिअप्पन पुटपुटला, "माझी आहे अजून. पण ती जाड, खालची. ही बारीक तिच्यावर चढून बसली होती."

तिने दिवा लावला.

"आली."

घालवला.

"थांबली."

तिने श्वास रोखला. पुन्हा लावला, पुन्हा घालवला. सात वेळा, आठ वेळा. नवरा-बायकोचं उत्तर एकदाही चुकलं नाही. तिला मात्र दर वेळी तेच ऐकू आलं, जे ती रोज सकाळी सहीनिशी वहीत लिहीत होती : शांत.